मामांच्या यकृताचा कडकपणा

आज मामांना घेऊन राजारामपुरीत यकृताच्या तपासणीला गेलो होतो. मधुमेह जुना, त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालेलं, म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, सांगितली. मामांना एकच धास्ती, "सुई घालणार न्हाईत न्हवं?" नाही घातली. उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यामागं घ्यायला लावला, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून हलके धक्के दिले. झालं.

त्या धक्क्यानं यकृतात लहर उठते. ती सेकंदाला एक-दोन मीटर चालते. अल्ट्रासाऊंड सुमारे 1540 मीटर, त्यामुळं तो तिचा माग सहज काढतो. यकृत जितकं कडक तितकी लहर वेगवान. त्या वेगावरून आकडा येतो, किलोपास्कलमध्ये. मामांचा 6 च्या आत आला, म्हणजे यकृत कडक झालेलं नाही. मामींनी तिथंच अंबाबाईला हात जोडले. माझाही जीव भांड्यात पडला.

रात्री वाचत बसलोय. कडकपणा मोजण्यात आता प्रकाशही येतोय! लेझरचा अगदी क्षणिक झोत पडला की रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, किंचित तापून प्रसरण पावतं आणि त्यातून अल्ट्रासाऊंड निघतो, त्यावरून आतलं चित्र बनतं. प्रकाशातून आवाज काढता येतो हे ग्रॅहम बेल यांनी 1880 मध्येच दाखवलं होतं. ऊती हलकी दाबून आधीची आणि नंतरची चित्रं ताडली की मऊ कुठं, कडक कुठं ते कळतं. प्रकाश शरीरात काही सेंटिमीटरच जातो, त्यामुळं यकृतापेक्षा त्वचा, स्तन अशा वरच्या भागांसाठी याची आशा जास्त. अजून बरंचसं काम प्रयोगशाळेतच आहे.

घरात कुणाला जुना मधुमेह असेल तर यकृताबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. मामांना काहीच त्रास होत नव्हता.