तुम्ही विचारलंत म्हणून: काटा कशाला, पावडर कशाला?

"कुत्रीला घरीच ताजं शिजवून घालता ना? मग वर पावडर कशाला? आणि रोज काट्यावर मोजायचं कशाला?" घरी येणारं प्रत्येक जण विचारतं. नऊ वर्षं मी विषय बदलत आले. आज सांगते.

चिंगी दोन महिन्यांची घरी आली. पाकिटातलं कोरडं खाणं द्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. उकडलेलं चिकन आणि भात, दोन्ही वेळा. ताटली चाटूनपुसून लख्ख करायची. अंगाने भरली, केसांवर चकाकी आली. शंका यावी असं काहीच दिसत नव्हतं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी ती सोफ्यावरून खाली उतरली. उडी नाही मारली, नुसती उतरली आणि केकाटली. मागचा उजवा पाय टेकेना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडं पांढरी दिसायला हवीत; तिची भोवतालच्या मांसाइतकीच राखाडी होती, कडेला पेन्सिलीच्या रेघेएवढंच कवच. मांडीचं हाड ओल्या फांदीसारखं दुमडलं होतं. "खायला काय देता?" मी अभिमानाने सांगितलं. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम जवळजवळ नसतंच. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं.

तीन महिने मी तिला प्रेमाने भरवत होते आणि तिची हाडं आतून रिकामी होत होती.

मग सहा आठवडे पिंजरा. रात्री ती कण्हायची, मी गजांतून हात घालून जमिनीवर झोपायचे. आणि खायला काय? तेच पाकिटातलं. त्यानेच ती उभी राहिली, हे मान्य करायलाच हवं.

"वाचायचं तरी होतं आधी," असं मी स्वतःला कितीदा सुनावलं. पण वाचलं होतं! पाककृती बघूनच करत होते. नंतर कळलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये अशा 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्क्यांत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला.

"पूर्वी कुत्री उरलंसुरलं खाऊन जगायचीच की." जगायची. किती लंगडत जगली, किती लवकर गेली, कुणी मोजलं? "उन्हात बसते, ड जीवनसत्त्व मिळेल." कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच द्यावं लागतं. पावडरीत ते आहे, कॅल्शियम, जस्त, आयोडीनही आहे. पशुआहारतज्ज्ञांनी तिच्या वजनावरून हिशेब करून दिलाय. कॅल्शियम कमी पडून चालत नाही, जादा होऊनही नाही. म्हणून काटा.

मग पाकीटच का नाही, असं विचाराल तर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. तिच्यासाठी शिजवणं मला सोडवत नाही, इतकंच. हे तिच्यासाठी करते की माझ्यासाठी, हे अजून ठरलेलं नाही.

काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत ती शेजारी उभी असते. थंडीत उजवा पाय अजून जरा उचलूनच धरते.