टेप काळी झाली म्हणून खूश होऊ नका

दाताच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं मशीन, आहे का असं विचारणारे पेशंट हल्ली भेटतात, चांगलंच आहे, पण मशीन आहे म्हणजे काम झालं असं काही नसतं. मी हीच मशीन दुरुस्त करत फिरतो, तालुक्याच्या गावांतले छोटे दवाखाने जास्त, त्यामुळे झाकण उघडल्यावर आत काय दिसतं ते मला विचारा.

सगळा खेळ हवेचा आहे. लोकांना वाटतं प्रेशरने जंतू मरतात. प्रेशरने नाही हो, गरम वाफ हत्यारावर बसते, तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती अंगातली सगळी उष्णता तिथेच सोडते, त्याने मरतात. म्हणजे वाफ तिथपर्यंत पोचली पाहिजे, आणि आधी हवा बसलेली असेल तर ती पोचत नाही. आई कुकरला आधी वाफ येऊ द्यायची आणि मग शिट्टी ठेवायची ना, तेच इथे. जुना उभ्या ड्रमसारखा ऑटोक्लेव्ह असतो त्याच्या प्रेशरच्या काट्यावर १५ पाउंड दिसले की डॉक्टर निर्धास्त, पण १५ पाउंडाला १२१ डिग्री मिळतात त्या फक्त निव्वळ वाफ असेल तर. निम्मी हवा आतच राहिली असेल तर काटा तोच आणि आत साधारण ११२, आणि हवा काढलीच नसेल तर जेमतेम १००, म्हणजे नुसतं उकळल्यासारखं. स्पोअर, म्हणजे काही जंतूंचं कवचबंद चिवट रूप, १०० डिग्रीला आरामात जगतात.

आता हँडपीस घ्या, म्हणजे तो ड्रिल, सूं करत फिरणारा. आतून पोकळ, बारीक नळ्या, टर्बाइन, आणि थांबताना तोंडातली लाळ-रक्त थोडं आत ओढून घेऊ शकतो. त्यातली हवा आपोआप बाहेर येत नाही, ती ओढून काढावी लागते. त्यासाठी बी क्लास मशीन असतं, व्हॅक्यूम पंप आधी हवा ओढतो, वाफ सोडतो, परत ओढतो, असं दोन-तीनदा, आणि मग १३४ डिग्रीला तीन-चार मिनिटं धरतो. एन क्लासला हा पंप नसतो, ते उघड्या, भरीव हत्यारांसाठी, आरसा, प्रोब, दात काढायचे फोर्सेप. पण स्वस्त पडतं म्हणून एन क्लास घ्यायचं आणि त्यातच पाउचमध्ये, म्हणजे कागदाच्या बंद पाकिटात, पॅक केलेले हँडपीस कोंबायचे, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता बोलून बोलून कंटाळा आलाय.

आणि बोललं की उत्तर ठरलेलं, अहो पण टेप काळी होते ना. पाकिटावर लावलेली ही पट्टी गरम झाली की काळी होते, ती एवढंच सांगते की पाकीट मशीनमध्ये जाऊन आलं. हँडपीसच्या आत काय झालं ते तिला काय माहीत! खरी परीक्षा स्पोअर टेस्टची. एका छोट्या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे स्पोअर असतात, माणसाला त्यांचा त्रास नाही पण मरायला महाचिवट. कुपी लोडमध्ये मधोमध ठेवायची, सायकल झाली की छोट्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ऊबदार पेटीत, शेजारी मशीनमध्ये न घातलेली दुसरी कुपी. जांभळीची पिवळी झाली तर जंतू जिवंत. न घातलेली पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर टेस्टच बाद. हे आठवड्यातून एकदा करायचं असतं. २०१३ला अमेरिकेत टल्सा गावात एका दाताच्या डॉक्टरचं प्रकरण निघालं, सुमारे ७ हजार पेशंटना तपासणी करून घ्या म्हणून पत्रं गेली, आणि तिथल्या ऑटोक्लेव्हची अशी टेस्ट कित्येक वर्षं झालीच नव्हती. एवढ्या श्रीमंत देशात ही गत.

डॉक्टर मशीन विकत घेतात पण चालवते असिस्टंट ताई, आणि तिला बहुतेक वेळा कोणी नीट शिकवलेलं नसतं. हत्यारं आधी घासून, अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या भांड्यात, घालून स्वच्छ नाही केली तर वाळलेल्या रक्ताखाली वाफ जात नाही. पाउच एकावर एक रचायचे नाहीत, रॅकमध्ये उभे लावायचे. ओले पाउच बाहेर काढायचे नाहीत, ओल्या कागदातून जंतू परत आत जातात. आणि बोअरचं पाणी घालू नका हो ताई, डिस्टिल्डच घाला, क्षार साचून हीटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात, मग फोन मलाच येतो.

लाइट हा वेगळाच विषय. मशीन दोन हजार वॅटच्या आसपास खातं, घरगुती इन्व्हर्टर काय ओढणार. मधेच लाइट गेली तर ती सायकल गेली, परत पहिल्यापासून. बाहेर पाच पेशंट बसलेले असताना हे कोण करतं, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारतो तेव्हा ते हसतात आणि चहा मागवतात.

पेशंट म्हणून तुम्हाला बी क्लास-एन क्लास विचारायला अवघड वाटत असेल तर सोपा हिशोब सांगतो. वाळवण्यासकट एक सायकल पाऊण तासाच्या आसपास जाते. दवाखान्यात दिवसाला वीस पेशंट आणि हँडपीस दोनच असतील, तर ते प्रत्येक पेशंटनंतर मशीनमध्ये जाऊन येतायत का, हे तुम्हीच ठरवा. आणि पाउच तुमच्यासमोर फोडा असं बिनधास्त सांगा, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.