पाणी कुठवर आलं होतं?

कुणी बर्फाच्या आठवणी विचारल्या, तर बर्फाच्या नावानं आमच्याकडं फक्त वळवाच्या गारा. अंगणातून वेचायच्या, तोंडात टाकायच्या, संपलं. कोल्हापूरकराच्या खऱ्या आठवणी पाण्याच्या, त्याही फुटांत मोजलेल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ. जुलैत कुणी भेटलं की "जेवलास का?"च्या आधी "राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले?" हे येतं. दरवाजे सात, स्वयंचलित. पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात. तरी आमच्या गल्लीत चर्चा अशी चालते की जणू कुणीतरी रात्रीत जाऊन मुद्दाम उघडलेत.

संध्याकाळी मग सगळं गाव पाणी बघायला. पूर वाईट हे कळतं. पण पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि बघायला गेला नाही, असा कोल्हापूरकर मला अजून भेटायचाय.

आमच्या आत्याचं घर सखल भागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाण्यानं ५५ फूट ओलांडले, तेव्हा ती आमच्याकडं राहायला आली. महामार्ग शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. चहूकडं पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना आत्या म्हणाली, "बघ की, नदी घरात बसलीया आणि आम्ही पाण्याला रांगेत!"

पाणी उतरलं. भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, देवळीच्या चार बोटं वर. रंगाऱ्यानं विचारलं, ठेवू का आठवण? आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं रंगाचा एक हात जास्तच मारला.

२०२१च्या जुलैत पुन्हा रेघ, पुन्हा रंग. बंधाऱ्यावरच्या आकड्यात हे पाणी काही इंचांनी जास्त. पण मामा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणतात, आपल्या घरात एकोणीसचंच मोठं. आत्या म्हणते, एकवीसचं. ८९चा पूर बघितलेले शेजारचे आण्णा तर दोघांनाही मोडीत काढतात: "ह्यॅ! हे कसलं पाणी!"

गेल्या दिवाळीत मामांनी नाण्यानं कोपरा खरवडला. पिवळ्याखाली निळा लागला, निळ्याखाली चुना. रेघ काही सापडली नाही. तेवढ्यासाठी आता सगळी भिंत परत रंगवायला लागणार, म्हणून आत्या अजून धुसफुसतीय.