३१ ग्रॅमचा सेल : आमची वाटचाल

आमच्या माळव्यात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. 'बॅटरी बिघडली' म्हणत माणूस दुकानात येतो तेव्हा बहुतेक वेळा बॅटरी धडधाकट असते, संपलेला असतो तो सेल. आमच्या धंद्याची सगळी गोष्ट या एका सेलभोवती फिरते, म्हणून ती तिथूनच सांगते.

बाबांनी १९८६ साली इंदूरला जेल रोडच्या मागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, मिक्सर, जे येईल ते. घर रामबागेत, दुकान पायी पंधरा मिनिटांवर. २००० नंतरची तीन-चार वर्षं मध्य प्रदेशात वीज असायची कमी आणि जायची फार. २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' याच शब्दांवर लढली गेली, इतकी. त्या काळात बाबांकडे इमर्जन्सी लाइटांची रांग लागायची. आत शिशाची बॅटरी, वर ट्यूब. मी शाळेतून आले की त्या बॅटऱ्यांचे टोक घासून साफ करायची. २००९ मध्ये पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी दुकानात बसले. दुकान बाबांचं, हिशेबाची वही आईची, सोल्डरिंग माझं, अशी वाटणी झाली.

तोवर एलईडी आले होते. चार व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीवर चालणारी, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायची टॉर्च घरोघरी पोचली. तिचा दोष एकच, पण मोठा. शेतकऱ्याला टॉर्च लागते रब्बीत, गहू-हरभरा-लसणाला रात्री पाणी द्यायला. मार्चनंतर ती कोनाड्यात पडून राहते. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि दिवाळीनंतर ती चार्जच घेत नाही. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग लागे.

लिथियम-आयन सेल हातात आला तेव्हा मला वाटलं, यावर उत्तर सापडलं. १९९१ साली सोनीने बाजारात आणलेलं हे तंत्र आमच्या गल्लीपर्यंत यायला वीसेक वर्षं लागली. १८६५० या आकड्यात त्याचं माप लिहिलेलं असतं : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे दंडगोल. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. महिनोन्‌महिने पडून राहिला तरी चांगला सेल थोडाच उतरतो. २०१५ मध्ये आम्ही स्वतःच्या टॉर्च जोडायला लागलो. बॉडी तयार आणायची, एलईडीची प्लेट आणि चार्जिंगचं सर्किट आमचं, सेल बाजारातला. पहिली दोन वर्षं नीट गेली.

२०१७ च्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याने नवा माल दाखवला. नेहमीच्या सेलच्या एक तृतीयांश भाव, वर चकचकीत निळं आवरण आणि छापलेलं '९८०० एमएएच' (मिलिअँपियर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). आम्ही तोवर २२०० चे सेल वापरत होतो. मी विचारलं, एवढ्याच डब्यात चौपट वीज कशी मावते? 'नवीन टेक्नॉलॉजी' असं उत्तर आलं. मल्टिमीटर लावून पाहिला, प्रत्येक सेल ३.९ व्होल्ट दाखवत होता. मी होकार दिला. त्या दिवशी जे विसरले ते आज कामावर येणाऱ्या नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगते : व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. टाकी केवढी रुंद आहे, ते त्यावरून कळत नाही. चांगल्यातल्या चांगल्या १८६५० सेलमध्ये ३५०० ते ४००० एमएएच मावतं. ९८०० हा आकडा छापलेला दिसला की तो सेल हातातही घेऊ नये.

ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही त्या सेलच्या ४१२ टॉर्च विकल्या.

डिसेंबरच्या मध्याला सांवेरकडचे एक शेतकरी आले. चिडलेले नव्हते, थकलेले होते. काउंटरवर टॉर्च ठेवून म्हणाले, "बेन, लाइट तो रात दो बजे आवे, ने थारी बैटरी नौ बजे सो जावे." थ्री-फेज वीज रात्री येते, त्यामुळे मोटर रात्रीच चालू करावी लागते. आमची टॉर्च विझल्यावर त्यांनी मोबाइल दातात धरून, ओल्या मातीत उभं राहून स्टार्टरची निसटलेली तार बसवली होती. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलंही नाही, सहज बोलण्यात आलं. ते गेल्यावर मी बराच वेळ ती टॉर्च हातात घेऊन बसले. बाजूलाच विहीर असेल, रानडुकरं, रोजडे म्हणजे नीलगायी. आमच्या दिव्याच्या भरवशावर तो माणूस घराबाहेर पडला होता.

बाबांनी टॉर्च उघडून सेल काढला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, "हा हलका आहे गं." त्यांचे एक मित्र सराफ्यात बसतात. संध्याकाळी, खाण्याच्या गाड्या लागायच्या आधी, आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. सोन्याच्या काट्यावर आमचा सेल ठेवला : ३१.२ ग्रॅम. मग एका जुन्या लॅपटॉपमधून काढलेला जपानी कंपनीचा सेल ठेवला : ४५.६ ग्रॅम. काकांनी दोन्ही पुन्हा तोलले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, ह्यात खोट आहे." त्यांना बॅटरीतलं काही कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सहा सेल पूर्ण उतरवून, गच्चीवर नेऊन, हातमोजे-चष्मा घालून कापले. (हे कुणी घरी करू नये. भरलेला सेल कापला तर पेटतो.) तिघांमध्ये मोठ्या डब्यात एक लहानसा सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी भरलेली होती. बाकी तीन निराळे निघाले. निळ्या आवरणाखाली आणखी एक फिकट आवरण, आणि टोकांवर बारीक खरचटल्यासारखे ठिपके. लॅपटॉपच्या पॅकमध्ये सेल निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले असतात. पट्टी ओढून काढली की ते व्रण राहतात. म्हणजे कुणाच्या तरी भंगारातल्या लॅपटॉपमधले म्हातारे सेल नवे कपडे घालून आमच्याकडे आले होते. त्या लॉटमधले आणखी वीस सेल अर्ध्या अँपियरच्या लोडवर उतरवले. सर्वांत चांगला ९१० एमएएच, सर्वांत वाईट ३४०.

व्यापाऱ्याने फोनवर ऐकून घेतलं आणि माल परत घ्यायला नकार दिला. बिल कच्चं होतं, पुढे काही करता आलं नाही. त्या रात्री घरी जेवताना प्रश्न एवढाच होता, विकलेल्या टॉर्चचं काय करायचं. बाबांनी आईकडे पाहिलं. आईच्या वहीत उधारीवर आणि पावतीवर नेलेल्यांची नावं-गावं होती, तीनशेच्या वर. आई म्हणाली, "नावं आहेत तेवढ्यांना कळवू, नाहीत त्यांच्यासाठी पाटी लावू." माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. त्यातून चांगल्या कंपनीच्या सेलची पहिली पेटी आली. भाऊ रविवारी मोटरसायकलवर आठवडी बाजारांत जायचा, निळा सेल काढून घ्यायचा, नवा बसवून द्यायचा. होळीपर्यंत ३४० टॉर्च झाल्या. ७२ चा पत्ता लागला नाही.

त्याच काळात एक अपघात झाला. परत आलेले सेल तपासताना एक चार्जिंगला लावलेला होता. मी दोन फुटांवर बसले होते. आधी किंचित शिट्टी, मग गोडसर, नाकाला झोंबणारा वास, मग धूर आणि ज्वाळा. म्हाताऱ्या सेलच्या आत शॉर्ट झाला होता. टेबलाचा सनमायका जळाला, माझ्या हाताला फोड आले, एवढ्यावर निभावलं. हाच सेल एखाद्या घरात, पोरं झोपलेल्या खोलीत, उशाशी चार्जिंगला असता तर? तेव्हापासून आमच्याकडे चार्जिंग लोखंडी कपाटात होतं, खाली वाळूची ताटं असतात, आणि चार्जिंग चालू असताना खोली कधीच रिकामी सोडत नाही.

आता वर्कशॉप पालद्याला आहे, तपासणीला चार जणी आहेत. सेल कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी पाच पायऱ्या चुकत नाहीत. आधी वजन, कारण तो काटा आम्ही काकांच्या सल्ल्याने घेतला आणि तोच सर्वांत लवकर खोटं पकडतो. मग भिंगाखाली टोकं, वेल्डिंगचा व्रण दिसला की बाद. मग आतला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला सेलमधलाच अडथळा, मोजायचा. चांगल्या नव्या सेलचा शंभर मिलिओहमच्या बराच खाली असतो. तो शंभरच्या पुढे गेला की लोड लागताच व्होल्टेज कोसळतं, आणि अशा सेलला आमच्याकडच्या मुली 'दमेकरी' म्हणतात. चौथी पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची : पूर्ण भरून, व्होल्टेज लिहून, तीन आठवडे नुसतं ठेवायचं. लोणच्यासारखं मुरत ठेवणं, असंच आम्ही म्हणतो. जो या मुदतीत ठळक उतरतो तो 'गळका'. आत कुठेतरी वीज झिरपते, आणि आज झिरपते ती उद्या आग होऊ शकते. या तीन आठवड्यांत पैसा अडकून पडतो, धाकट्या भावाचं यावरून माझ्याशी अजून वाजतं, पण ही पायरी मी सोडणार नाही. शेवटी प्रत्येक पेटीतले दहा सेल पाच तासांत उतरतील अशा लोडवर लावून खरी क्षमता मोजायची.

दोन सेलच्या मोठ्या टॉर्चमध्ये आणखी एक काळजी. एकापुढे एक लावलेल्या दोघांत एक अशक्त असेल तर तो आधी रिकामा होतो आणि सशक्त सेल त्याला आणखी खाली ढकलतो. फार खाली गेलेल्या सेलमधलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते. म्हणून जोड्या जमवून, क्षमता आणि रोध सारखे बघूनच लावतो. ग्राहकांनाही विनवते : जुन्यासोबत नवा सेल घालू नका.

बाजार मात्र लगेच आमच्या बाजूने वळला नाही. आमच्या डब्यावर २२०० लिहिलेलं, शेजारच्या काउंटरवर ९९००, आणि भाव आमचा दीडपट. २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षं फार ओढाताणीची गेली. मग आईने सुचवलं की एमएएच लहान लिहा, तास मोठे लिहा. 'पूर्ण उजेडात ४ तास, मोजलेले.' शेतकऱ्याला एमएएचशी देणंघेणं नसतं, त्याला दोन ते सहा वीज असते. त्या एका ओळीने जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशानेही झालं नाही.

२०२१ पासून शेतीच्या टॉर्चमध्ये आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२७०० सेल वापरतो. आकाराने जाड, त्याच वजनात वीज कमी, पण तापला तरी सहजी पेटत नाही आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होतो. त्याचे ३.२ व्होल्ट पांढऱ्या एलईडीला जवळजवळ जसेच्या तसे चालतात. मात्र तो ३.६५ व्होल्टला भरतो, ४.२ ला नाही, म्हणून चार्जिंगचं सर्किट बदलावंच लागतं. जुन्याच चार्जरवर हा सेल लावून देणारे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. सेल घेताना आयएस १६०४६ (सेलच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि 'आर' पुढचा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघावा, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून कुणाच्या नावावर आहे तेही बघावं. कारण क्रमांक छापणं आकडा छापण्याइतकंच सोपं आहे. मेलेले सेल आम्ही टोकांना चिकटपट्टी लावून साठवतो आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांच्या आधीही देत होतो. स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहरात सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकवत नाही.

त्या ७२ टॉर्चची नोंद आईच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. अधूनमधून एखादी येते. गेल्या हिवाळ्यात देपालपूरकडची एक मुलगी आजोबांच्या पेटीत सापडलेली टॉर्च घेऊन आली. तिला वाटलं होतं, पंचवीस-तीस रुपयांत दुरुस्त होईल. मी उघडली, निळं आवरण दिसलं. काट्यावर ठेवला, ३१ ग्रॅम. सेल वाळूच्या डब्यात टाकला, तिला नवीन टॉर्च दिली, पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर आईने वही उघडली, ६१ खोडले आणि ६० लिहिले.