फिरतं खोडरबर: तिसरा शनिवार

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला आत ओढणारं बल मोजायचा हा वर्गातला प्रयोग; त्यात दोन शनिवार अडून बसलेला आकडा आज सुटला.

मांडणी तीच. बॉलपेनची रिकामी नळी, तिच्यातून ओवलेला तंगूस (नायलॉनचा दोरा), वर २० ग्रॅमचं खोडरबर, खाली इतवारीतून आणलेले वायसर. नळी धरून रबर डोक्यावर फिरवायचं. नळीखाली तंगुसावर स्केचपेनची खूण आहे. ती जागची हलली नाही की वेग बरोबर.

वायसर ५० ग्रॅम, नळीच्या वर तंगूस ५० सेंटिमीटर. माझ्या गणितानं २० फेऱ्यांना १७.२ सेकंद लागायला हवेत, घड्याळ दर वेळी १८ च्या आसपास दाखवायचं. मी घर्षणाला धरून बसलो, नळीची कड घासून गुळगुळीत केली, तरी फरक जाईना. घोळ त्रिज्येत होता. रबराच्या वजनानं तंगूस आडव्यापासून जवळपास २४ अंश खाली झुकतो, म्हणून मी त्रिज्या ४६ सेंटिमीटर धरली. ती बरोबरच होती. पण ताणही तितकाच तिरका असतो, आणि अभिकेंद्री बल (केंद्राकडे ओढणारं) म्हणून त्याचा फक्त आडवा भाग कामी येतो, हे धरलंच नव्हतं. दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, झुकाव गणितातून निघून जातो! तंगुसाची पूर्ण लांबी आणि वायसरांचं पूर्ण वजन घातलं, उत्तर आलं १७.९. मग वायसर २०० ग्रॅम केले: गणित ९.०, घड्याळ ९.१. चौपट वजन, निम्मा वेळ. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही राहवलं नाही.

जडत्वाचा, म्हणजे सुटलेली वस्तू सरळ रेषेतच जाते हे दाखवायचा भाग मात्र बदलावा लागला. "सर, दोरा सोडला तं रबर बाहीर फेकल्या जाईन न?" हा प्रश्न ठरलेला. गोफणीसारखं सोडून दाखवलं, पण सोडायला ०.१ सेकंद उशीर झाला की दिशा ४० अंशांनी चुकते. त्यातून कुणाचीच खात्री पटत नाही. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या जाड बांगडीचा पाव भाग कापला, ती फरशीवर दाबून धरली आणि आतून कंचा (काचेची गोटी) फिरवला. कापलेल्या जागी कंचा ना वळला, ना केंद्रापासून थेट बाहेर पळाला; स्पर्शिकेवर सरळ निघाला. खडूनं आधीच आखलेल्या रेघेवरूनच. हा प्रयोग सगळ्यांनी करून पाहावा असाच आहे.

पुढच्या शनिवारी वायसर १०० ग्रॅम कायम, लांबी २५ सेंटिमीटर आणि मग १ मीटर. अपेक्षा ९ आणि १८ सेकंदांची. मीटरभर दोऱ्याला वर्ग पुरणार नाही, सकाळी ऊन चढायच्या आत मैदान गाठायचं आहे.