जावा-जावांचं भांडण

“मॅडम, गूगलनं जावा चोरली होती ना?”

जावा ही प्रोग्रॅमिंगची, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची, भाषा. ती मी शिकवते, आणि शनिवार-रविवारच्या बॅचला साधारण तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच, बहुधा ज्या दिवशी फळ्यावर ‘पॅकेज’ म्हणजे काय ते काढलेलं असतं त्या दिवशी. घरी हाच प्रश्न माझे धाकटे दीर विचारतात. कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यांत, त्यातही गूगल आणि जावाची मालक कंपनी ओरॅकल यांच्या, त्यांचा जीव रमतो. “वहिनी, ओरॅकलवाले नऊ अब्ज डॉलर मागत होते म्हणे. मिळाले किती?” काहीच नाही मिळाले. “म्हणजे चोरी नव्हतीच!” इथे मी चहा टाकायला उठते, कारण ‘नव्हती’ म्हणणं सोपं आहे आणि ते पुरतं खरं नाही.

आता तुम्हीही विचारलंत, म्हणून चहा नंतर.

१९९९ साली मी पुण्यात एका क्लासला नाव घातलं आणि आईला फोनवर सांगितलं, “जावा शिकतेय.” आई म्हणाली, “अगं, आधी लग्न तर होऊ दे.” हा विनोद आमच्या घरात पंचवीस वर्षं चालू आहे, आणि पुढे खरोखरच्या जावा मिळाल्यावर त्याला धारही आली. पण त्या क्लासमध्ये मी नेमकं काय शिकले, ते इथे महत्त्वाचं आहे. भाषेचं व्याकरण पंधरा दिवसांत संपलं. उरलेले चार महिने पाठांतर होतं: कुठली गोष्ट कुठल्या पॅकेजात (म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यात), त्यातल्या कुठल्या क्लासात (हा शिकवणीचा क्लास नव्हे, गठ्ठ्यातला कप्पा), कुठल्या नावानं ठेवलेली आहे याचं.

उदाहरणार्थ, दोन आकड्यांतला मोठा कुठला हे हवं असेल तर जावात ‘मॅथ डॉट मॅक्स’ असं लिहायचं आणि कंसात दोन आकडे द्यायचे. मोठा आकडा परत येतो. आत तो कसा शोधला जातो याच्याशी मला देणंघेणं नाही. मला नाव ठाऊक असलं की पुरे. अशी हजारो नावं, त्यांची पॅकेजांत लावलेली मांडणी, कुणाला काय द्यायचं आणि काय परत मिळतं याचे करार, या सगळ्याला मिळून एपीआय म्हणतात. नाव सांगणारी ओळ वेगळी आणि आत खरं काम करणारा कोड वेगळा. सगळा खटला या दोहोंमधल्या फटीत अडकला होता.

जावा आली १९९५ साली, सन मायक्रोसिस्टिम्सकडून. जेम्स गॉसलिंग हे तिचे जनक. आमच्यासारख्यांना ती शिकायला आणि वापरायला फुकट होती. जितके जास्त लोक शिकतील तितकं सनला हवंच होतं. गूगलनं अँड्रॉइड बांधायला घेतलं तेव्हा जगभर लाखो लोकांच्या बोटांत ही नावं बसलेली होती. गूगलची सनशी परवान्याची बोलणी झाली, ती फिसकटली. मग गूगलनं ३७ पॅकेजांची नावं आणि मांडणी जशीच्या तशी घेतली, सुमारे ११,५०० ओळी, आणि आतला काम करणारा कोड आपला आपण उभा केला. २००७ मध्ये अँड्रॉइड जाहीर झालं तेव्हा सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी तर जाहीर अभिनंदन केलं होतं. (पुढे साक्षीलाही ते गूगलच्याच बाजूनं उभे राहिले.) मग जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि त्याच ऑगस्टमध्ये गूगलवर अमेरिकेतल्या कोर्टात दावा ठोकला. नव्या सासूनं जुन्या सुनेचा हिशेब काढावा, तसं.

आता माझ्या खऱ्या जावांकडे येते. साताऱ्याला सासूबाईंचं स्वयंपाकघर म्हणजे शिस्तीचा नमुना. मसाल्याच्या डब्यात मधल्या वाटीत तिखट, मग हळद, मोहरी, जिरं, मेथ्या, धणेपूड, याच क्रमानं. वरच्या फळीवर कडधान्यं, खाली पिठांचे डबे, चहा-साखर ओट्याच्या उजव्या हाताला. आम्ही तिघी सुना तिथंच तयार झालो. थोरल्या जाऊबाईंनी पुण्यात वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा त्यांनी सगळं तसंच्या तसं लावलं, वाटीचा क्रमसुद्धा. सासूबाई पहिल्यांदा आल्या, फडताळ उघडून बघितलं आणि म्हणाल्या, “माझंच स्वयंपाकघर उचलून आणलंयस की गं.” हे कौतुक होतं की टोमणा, यावर आम्हा जावांचं अजून एकमत नाही. पण त्या घरात वीज गेली तरी मी फोडणी घालू शकते. आणि जाऊबाईंची आमटी सासूबाईंच्या आमटीसारखी अजिबात लागत नाही. त्यांची त्यांनी केलेली असते ती.

गूगलनं मांडणी आणली, आमटी आपली केली. एवढंच असतं तर मी दिरांना “नाही” म्हणून मोकळी झाले असते.

पण नऊ ओळींचं काय?

‘रेंजचेक’ नावाचं एक छोटं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आहे. यादीतला अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचा तुकडा हवा असेल, तर आधी तीन गोष्टी तपासायच्या: सुरुवात शेवटाच्या पुढे तर नाही ना, सुरुवात शून्याच्या खाली तर नाही ना, शेवट यादीच्या बाहेर तर नाही ना. काही चुकलं तर ओरडायचं. नऊ ओळी. ते लिहिलं होतं जोशुआ ब्लॉक यांनी, सनमध्ये असताना. पुढे ते गूगलमध्ये गेले आणि तिथे क्रम लावण्याच्या एका नव्या पद्धतीवर काम करताना त्याच नऊ ओळी पुन्हा अवतरल्या. ही आमटी होती, वाटी नव्हे. २०१२ मध्ये साक्षीत त्यांना विचारलं, तेव्हा उचलल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण नावं आणि क्रम बघता उचललं असावं, असं त्यांनी मान्य केलं. ज्यूरीनंही या नऊ ओळींपुरता कॉपीराइटचा भंग झाला असं ठरवलं.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता, कारण मी हेच केलं होतं. २००४ मध्ये नोकरी बदलली. नव्या जागी तारखेवरून आर्थिक वर्षाची तिमाही काढणारं फंक्शन हवं होतं. एप्रिलला वर्ष सुरू होतं म्हणून थोडी कसरत असते, इतकंच. मी अर्ध्या तासात लिहून दिलं. जुन्या कंपनीतून एक कागदही आणला नव्हता. पण तिथं मी एका व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याला, ‘तिमाही’ असं मराठी नाव दिलं होतं, ते इथं पुन्हा आलं. वरच्या टिपेत ‘फायनान्शियल’चं स्पेलिंग तिथं चुकवलं होतं, तीच चूक त्याच जागी पुन्हा आली. कोड तपासणारा सीनियर तिथलाच जुना सहकारी निघाला. त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं आणि काहीच बोलला नाही. मी ते पुसून पुन्हा लिहिलं. नावं बदलली, स्पेलिंग सुधारलं, हिशेब तोच राहिला. दुसरा असणार तरी कुठला?

खटला चालवणारे न्यायमूर्ती विल्यम आल्सप स्वतः हौसेनं प्रोग्रॅमिंग करणारे. या नऊ ओळींमुळे गूगलला बाजारात लवकर उतरता आलं, असं ओरॅकलचे नामांकित वकील डेव्हिड बॉइस सांगू लागले, तेव्हा आल्सप यांनी त्यांना सुनावलं की असा कोड मी स्वतः शंभरदा लिहिलाय. (हेच आल्सप पुढे २०२५ साली एआयला पुस्तकं वाचायला घालण्याच्या एका खटल्यातही बसले. त्यावर बॅचमध्ये एक अख्खा तास जातो, म्हणून इथे नको.) त्यांनी निकाल दिला की एपीआयवर कॉपीराइट लागतच नाही. ओरॅकलला अपिलात जायची इतकी घाई होती की त्या नऊ ओळींबद्दल त्यांनी शून्य डॉलर भरपाईवर समजूत केली.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण तो नुसता टेबल टेनिसचा खेळ आहे. २०१४ मध्ये अपील कोर्टानं निकाल फिरवला: कॉपीराइट लागतो. २०१६ मध्ये नव्या ज्यूरीनं सांगितलं: लागत असला तरी गूगलचा वापर न्याय्य, म्हणजे परवानगी न घेताही कायद्याला चालणारा, होता. दिरांचे ते नऊ अब्ज इथले. २०१८ मध्ये अपील कोर्टानं तेही फिरवलं. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी मार्च २०२० मध्ये ठरली होती, ती करोनामुळे लांबली आणि ऑक्टोबरमध्ये चक्क फोनवर झाली. ५ एप्रिल २०२१ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध दोन, गूगलच्या बाजूनं.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिला आणि त्यात मला माझं स्वयंपाकघर सापडलं. एपीआय समजावताना ते सांगतात: समजा, एका रोबोला तुम्ही सांकेतिक बटणं दाबून हुकूम दिलात. तो अमुक कपाटाकडे जातो, तमुक खण उघडतो, त्यातली ठरावीक पाककृती काढतो आणि आचाऱ्याला नेऊन देतो. कपाट म्हणजे पॅकेज, खण म्हणजे क्लास, पाककृती म्हणजे मेथड, क्लासातलं एकेक काम करणारं फंक्शन. गूगलनं कपाट-खणांवरच्या पाट्या घेतल्या, पाककृती आपल्या लिहिल्या. घेतलेल्या ओळी जावाच्या त्या सगळ्या पसाऱ्यातल्या, म्हणजे सुमारे २८ लाख ६० हजार ओळींतल्या, ०.४ टक्के होत्या.

टक्केवारी मला तितकी पटत नाही. मसाल्याच्या प्रमाणाचा कागदही वहीच्या ०.४ टक्केच असतो. मला पटतो तो त्यांचा दुसरा मुद्दा: या पाट्यांची किंमत बऱ्याच अंशी त्या पाठ करणाऱ्यांनी वाढवलेली आहे. ते चार महिने माझे होते, क्लासची फी बाबांची होती. ‘मॅथ डॉट मॅक्स’ हे नाव सनमध्ये कुणीतरी दुपारच्या चहाआधी ठरवलं असेल. ते जगाला पाठ असणं, ही मिळकत सनची एकटीची नाही. शिका म्हणून फुकट वाटायचं आणि हात वळला की हाताच्या सवयीवर भाडं लावायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. गूगल काही बिचारी नाही, पण त्या दिवशी तिच्या बाजूनं निकाल लागल्यानं माझी सवय माझ्याकडे राहिली.

तरी दुसरी बाजू हलकी नाही. दावा दाखल व्हायच्या आठवडाभर आधी गूगलच्याच एका इंजिनिअरनं आतल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की बाकीचे पर्याय अगदीच टाकाऊ आहेत, जावाचा परवानाच घ्यावा लागेल. सुनावणीत मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनीही टोचलं: पैसे हवेत आणि ते तिजोरी फोडूनच मिळणार आहेत, म्हणून तिजोरी फोडायला परवानगी मिळत नाही. मग विरोधी मत देणारे न्यायमूर्ती थॉमस. त्यांनी नुकसानीचा हिशेबच मांडला: अँड्रॉइड फुकट मिळतंय हे दाखवून ॲमेझॉननं ओरॅकलकडून परवान्यात ९७.५ टक्के सूट उकळली, सॅमसंगचा करार ४ कोटी डॉलरवरून सुमारे १० लाखांवर आला. हा भाग मी दिरांना सांगते तेव्हा ते लगेच पक्ष बदलतात.

आणि मुळात चोरी झाली की नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच नाही. एपीआयवर कॉपीराइट लागतो असं वादापुरतं धरून चालू, म्हणाले, आणि तसं धरलं तरी हा वापर न्याय्य आहे. लागतो की नाही, ते बाजूलाच ठेवलं. अकरा वर्षं भांडून मुख्य प्रश्न फडताळावरच राहिला. “मग उत्तर काय समजायचं?” असं दीर वैतागून विचारतात. हो-नाहीत मावणारं उत्तर कोर्टाकडेही नव्हतं भाऊजी, मी कुठून आणू?

बॅचमधल्या मुलांचा पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: “मग मॅडम, ऑफिसचा कोड घरी नेला तर चालेल ना?” अजिबात नाही. तो निकाल पाट्यांचा आहे, आमटीचा नाही. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. म्हणजे माझा तिमाहीचा हिशेब आणि केशवसुतांची कविता कायद्याच्या एकाच खणात. हे ऐकून मुलं हसतात, पण पेन ड्राइव्ह आत जातो.

हल्ली मी त्या तासाला एक प्रयोग करते. रेंजचेक म्हणजे काय ते तोंडी सांगते, फळ्यावर काही लिहीत नाही, आणि दहा मिनिटं देते. गेल्या बॅचला एकवीस जणांनी लिहिलं. बहुतेकांच्या त्याच तीन अटी, क्रम मागे-पुढे, नावं आपापली. एकानं तर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी ठेवली होती, माझा जीव सुखावला. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत मात्र मूळ जावातलीच नावं, अटींचा तोच क्रम, कंसातल्या गोष्टींचाही तोच.

“कुठून घेतलंस रे?”

“मी नाही घेतलं मॅडम, मोबाइलला विचारलं, त्यानं दिलं.”

“आणि त्यानं कुठून घेतलं?”

त्यानं खाली मान घातली आणि अगदी प्रामाणिकपणे तेही मोबाइललाच विचारलं.