फुकटच्या कोर्सला विचारतंय कोण?

“काकू, फुकटच्या कोर्सला कंपनीत विचारतंय कोण?” शेजारच्या मुलीने आज संध्याकाळी मला हे विचारले, तेव्हा तिच्या हातात प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका खासगी क्लासचे माहितीपत्रक होते आणि त्यावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या ठळक अक्षरांखाली, भिंग लावूनच वाचावे अशा टाइपात, ‘अटी लागू’ असे छापलेले होते.

फी ८५,००० रुपये. हप्त्यांची सोय आहे म्हणे. म्हणजे वडिलांच्या नावावर कर्जच.

मी तिला सांगितले, की आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केलेल्या एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर पायथन, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, डेटाबेस हे सारे विनामूल्य शिकता येते, पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे आणि तेही साधारण हजारभर. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या छोट्या व्हिडिओ-धड्यांमध्ये तर लिनक्स या संगणकप्रणालीसारखे विषय मराठीतूनही ऐकता येतात. “बाबांना पटायचं नाही,” एवढेच ती म्हणाली.

बाबांना तरी दोष कसा द्यावा? फी भरली की कोणीतरी हजेरी घेतो, अडले तर विचारायला समोर माणूस असतो आणि बसायला संगणक मिळतो. मोफत अभ्यासक्रमात नेमके हेच नसते. मोबाइलवर व्याख्यान पाहता येते, पण त्याच टीचभर पडद्यावर वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून चालवणे मोठे जिकिरीचे काम आहे.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आपल्याकडे ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. तिथेच दोन-चार संगणक आणि आठवड्यातून एकदा येणारा एखादा जाणकार, एवढी सोय करायला काय आडवे येते?